ज्याचं गाणं त्याचं

मेळ्याच्या हॉलच्या मागच्या दारात एक माणूस ढोलाला बर्फ चोळत बसला होता, आणि राव्नाची वाट नेमकी तिथेच अडली होती.

आभाळ सकाळपासून कुंद. धड पाऊस नाही, धड हिम नाही, असलं काहीतरी तोंडावर बसत होतं. ईस्टरच्या संगीत मेळ्याला दरवर्षी हेच रडकं हवामान! राव्नाच्या एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात वाळवलेल्या मांसाची पिशवी.

"अंघोळ घालतोयस का त्याला?" तिने विचारलं.

"पाणी पाजतोय," तो मान वर न करता म्हणाला. "तुमच्या हॉलमधले हीटर... कातडं तडकायला आलंय."

"मग जरा सरकून पाज. माझी कॉफी गार होतेय."

कॉफीचं नाव निघताच त्याने मान वर केली, आणि हसायला लागला. हसू सुरू व्हायचं आणि मध्येच थांबायचं, पुढे हसू की नको असं विचारल्यासारखं. मग तो उठला, थर्मास तिच्या हातातून घेतला आणि पुढे चालू लागला. दोन पावलं नीट, तिसरं घासत. कुत्र्यांची बर्फगाडी एकदा पायावरून गेली होती, असं त्याने नंतर सांगितलं.

त्याचं नाव मिनिक. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका वस्तीतून आजोबांची ढोलाची गाणी घेऊन आला होता. राव्ना इथलीच, उत्तर नॉर्वेतल्या सामी जमातीची, रेनडिअर राखणाऱ्या हेइकाची एकुलती एक मुलगी. मेळ्याच्या शेवटच्या दिवशी ती योइक, म्हणजे सामींचं पिढीजात गाणं, म्हणणार होती. तो डॅनिश बोलायचा, ती नॉर्वेजियन; भाषा बहिणी-बहिणी, एकमेकांचं बरंचसं कळायचं.

"तोंडातला गरम बटाटा काढून बोल," ती म्हणायची.

"तू आधी माझ्या कपातला साबण काढ," तो म्हणायचा.

साबण कसला, इथल्या रीतीने कॉफीत घातलेलं चीज होतं ते! पण मिनिक चमच्याने ते बाहेर काढून बशीत ठेवायचा. हेइकाने हे लांबून पाहिलं आणि घरी आल्यावर तोंड वाकडं केलं.

"कॉफीतलं चीज काढून ठेवतो. असल्या माणसाचं करायचं काय? त्याला रेनडिअरचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हे तरी कळतं का?"

"मला तरी त्यांच्याकडची सीलची शिकार कुठे कळते, बाबा?"

"म्हणजे तिकडे जायचा विचार करून झालाय तुझा."

म्हाताऱ्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टेजच्या मागे पेट्यांवर बसल्या बसल्या मिनिक म्हणाला, "तुझा योइक म्हण की. तुझा स्वतःचा."

"स्वतःचा स्वतः म्हणत नाहीत. आपलीच पाठ आपण थोपटायची का? माझा बाबांनी केलाय." ती जरा थांबली. "योइक म्हणजे कुणाबद्दलचं गाणं नव्हे रे. तो माणूसच असतो. म्हटला की तो माणूस येऊन बसतो. आणि ज्याचा योइक, त्याच्या मालकीचा. करणाऱ्याचा नाही."

"आमच्याकडे बरोबर उलट. गाणं करणाऱ्याचं. आजोबांनी दिल्याशिवाय मी त्यांचं एकही गाणं म्हणू शकत नाही. निम्मी अजून द्यायची राहिलीत... आणि म्हातारा फार थकलाय. म्हणून सोमवारी निघायचंच."

निघायचंच. राव्नाला तेवढंच ऐकू आलं. ईस्टर संपला की तिलाही कळप किनाऱ्याकडे न्यायचा होता. हेइकाचे गुडघे गेलेले, मागे दुसरं कोणी नाही. त्याला राहता येणार नव्हतं आणि तिला जाता येणार नव्हतं. अशा माणसात जीव गुंतवणं हा शुद्ध वेडेपणा होता. तिला ते पुरतं कळत होतं, आणि तरी कप विसळतानासुद्धा तिचं लक्ष दाराकडेच असायचं.

शेवटच्या दिवशी ती स्टेजवर उभी राहिली. आजीचा योइक म्हणणार, असं जाहीर झालं होतं. तिने डोळे मिटले, आवाज लावला... आणि गळ्यातून आजी आलीच नाही.

दोन सूर नीट आले, तिसरा घासत आला. मग एक हसू सुरू झालं आणि मध्येच थांबलं.

चूक लक्षात आली तेव्हा तिला थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

हॉलमध्ये सगळी गावची माणसं. शेजाऱ्याचा योइक दुसऱ्या सुराला ओळखणारी. या तीन-चार दिवसांत मिनिकला सगळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या आधी वळल्या, मग त्यांच्या मागच्या, आणि बघता बघता सगळा हॉल दाराशी उभ्या असलेल्या मिनिककडे पाहू लागला. हेइकाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो तिच्याकडेच बघत राहिला.

"सगळे माझ्याकडे का बघतायत?" मिनिकने शेजारच्या बाईला विचारलं.

"अरे बाबा, ती तुलाच म्हणतेय," बाई म्हणाली.

मागच्या दारात दोघं भेटली तेव्हा तसलंच ओलं काहीतरी पडत होतं.

"मी इतका लंगडतो?"

"थोडं वाढवून म्हटलं मी."

"राव्ना... माझं प्रेम आहे तुझ्यावर. मला तुझ्यासारखं गाऊन नाही सांगता येत."

"बोलून सांगितलंस की."

"चल माझ्याबरोबर."

"आणि कळप?"

तो बुटाने बर्फ उकरू लागला.

"तू राहा मग," ती म्हणाली.

"आणि आजोबा?"

दोघंही हसली. त्याचं हसू नेहमीसारखं मध्येच थांबलं. तिने त्याचा गार हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला, आणि हॉलमधून कुणीतरी हाका मारीपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.

सोमवारी बस उभी होती. मिनिकने फोन काढला. "एकदा म्हण. भरून घेतो."

"नको. ते खिशात घेऊन गेलास तर परत यायला तुला कारण उरणार नाही."

"पण ते तर माझंच आहे ना? तुमच्या रीतीने?"

"तुझंच आहे. पण स्वतःचं स्वतः म्हणायचं नसतं. म्हणायला मीच लागणार."

त्याने फोन खिशात ठेवला. "आणि नाही येऊ शकलो तर?"

"तर मी इथे म्हणेन आणि तू येशील. तुला कळणार नाही, एवढंच."

बस पुलापलीकडे गेली तरी ती तिथेच उभी होती. तिने गायला तोंड उघडलं, आणि मिटलं. नंतरही ते तसंच मिटलेलं राहिलं. कळप किनाऱ्याला नेला, पाडसांच्या कानांवर खुणा केल्या. एरवी डोंगरभर घुमणारी राव्ना त्या उन्हाळ्यात एकदाही गायली नाही.

शरद लागला आणि मिनिकचा फोन आला. आजोबा गेले होते. जाण्याआधी त्यांनी उरलेली गाणीही त्याला दिली होती.

"आता वस्तीत ती म्हणणारा मी एकटाच," तो म्हणाला.

"हो..."

"पोरं शिकायला येतात. त्यांना टाकून..."

"कळलं रे," राव्ना म्हणाली. "नीट शिकव."

फोन ठेवून ती चुलीपाशी आली आणि कॉफी उकळत ठेवली. हेइका टेबलाशी सुरीला धार लावत होता. जरा वेळाने तो खालच्या आवाजात गुणगुणायला लागला. दोन सूर नीट, तिसरा घासत. मग हसू. ते मात्र त्याने शेवटपर्यंत नेलं.

"बाबा, तिथे तोडायचं," राव्ना म्हणाली. "तो पुरतं हसत नाही."

"मग नीट म्हण की तू. मला कुठे येतोय तो."

राव्ना उभ्या उभ्याच म्हणू लागली. पहिल्या फेरीला आवाज फाटला, दुसऱ्या फेरीला लागला. गालांवरून पाणी वाहत होतं, तिने पुसलं नाही. हेइकाने सुरी बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून कसाबसा उठला आणि फळीवरून तीन कप काढून टेबलावर मांडले. दोन कपांत चीजचे तुकडे टाकले, आणि तिसरा कप रिकामाच तिच्यापुढे सरकवला.

"ह्याच्यात चीज घालू नकोस," तो म्हणाला. "त्याला आवडत नाही."