बाटलीतला बुडबुडा

शेवटी आमचं लग्न झालं. ते विसरा, अजून आमची ओळखही झालेली नाही.

त्या सकाळी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर खेकडे बसले होते. चाळीसेक. सगळे समुद्राकडे पाठ करून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे गप्प. त्यांच्यातून पाय टाकत तो आला, हातात बाटली धरून. उपसागराच्या तळाचं पाणी आणायचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला पाणक्या म्हणत. मी दगडांसकट नोकरीला आले, म्हणून दगडबाई.

पाण्यात औषध घातलं की साका बसतो. प्राणवायू असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. साका तपकिरी झाला, पण बाटलीच्या मानेत वाटाण्याएवढा बुडबुडा होता.

ही वरची हवा, पुन्हा आणा, असं मी सुनावलं. तो गेला, आला... पुन्हा बुडबुडा. मग रोजच. माझा राग ऐकताना तो छान हसायचा, आणि बाहेर एकेक खेकडा वाढायचा.

मधल्या वेळात तो माझा दगड बघायचा. खालच्या थरात शिंपले, किड्यांची बिळं. वर मात्र काळ्या, सरळ, पातळ रेघा. समुद्राचा श्वास पंचवीस कोटी वर्षांपूर्वी कोंडला, तेव्हाच्या. त्यानंतर कितीतरी काळ तळाशी कोणी कूस बदलल्याचीही खूण नाही. माझ्या आत्याचं मत वेगळं : इतका जुना दगड सांभाळता येतो, मग एक मुलगा का सापडू नये?

एके दिवशी हेडक्लार्कनं सहज सांगितलं, की पाणक्याच्या दोन बाटल्या मी येण्याआधीच पांढऱ्या निघाल्यात. लागोपाठ तिसरी निघाली की केंद्र बंद, त्याची बदली लांबच्या किनाऱ्यावर. बुडबुडा असलेली बाटली सदोष, ती मोजत नाहीत.

"बुडबुडे मुद्दाम ठेवता?" मी पाणक्याला विचारलं.

"पहिला चुकून राहिला. बाकीचे... तुम्ही रागावता म्हणून."

दुसऱ्या दिवशी मीच त्याच्या होडीत बसले. पाणी सायीसारखं स्थिर होतं. मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून उभे, काहीतरी विचारायला आल्यासारखे. दोर वर आला तेव्हा नासक्या अंड्यांचा वास आला. बाटली मी स्वतः भरली, काठोकाठ. त्याचा हात माझ्या हातावर होता. बूच आम्ही दोघांनी मिळून दाबलं.

प्रयोगशाळेत आम्ही साका बसायची वाट पाहिली.

पांढरा.

"अजून एक बुडबुडा चालेल," तो हळूच म्हणाला.

"मागच्या वेळी लिहायला कोणी नव्हतं," मी म्हटलं. "दगडाला लिहावं लागलं."

मी नोंदवहीत शून्य लिहिलं. तो खिडकीकडे वळला. पायऱ्या रिकाम्या होत्या. खेकडे कुठे गेले, ते आजही कोणाला माहीत नाही.

"तुझ्या बदलीच्या अर्जात माझं नाव घाल."

"तशी सोय फक्त नवरा-बायकोला आहे."

"नियम मी वाचलाय रे."

 मग त्यानं कागद ओढला आणि आम्ही दोघांनी सही केली. अर्जातली पहिली मागणी, दोघांची एकत्र बदली, आठवड्यात मान्य झाली. दुसरी अशी :

"तरी सदर उपसागराच्या तळाशी, सर्व संबंधितांच्या श्वसनार्थ, एक बुडबुडा तातडीने मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती."