डाव्या अंगाची तिसरी फळी

पहिल्यांदा तो आला तो वाट चुकून. धुक्यात भलत्याच धक्क्याला बोट बांधली आणि उतरल्या उतरल्या मलाच विचारलं, "बोटी दुरुस्त करणारे मिस्त्री कुठे भेटतील?"

माझ्या हातात फळ्या ठोकायची मोगरी, केसांत भुसा. "मिस्त्रींची मुलगी चालेल?"

तो नुसता हसला. चालेल म्हणाला नाही. पण काम दोन दिवसांचं असताना पाच दिवस राहिला.

बोटीचं चरित्र त्याने तेव्हाच ऐकवलं. आधी ती मासे वाहायची, मग बेटांवर टपाल न्यायची, मग अकरा वर्षं चिखलात पालथी पडून होती. याने तिला उभी केली आणि निघाला निर्जन किनारे धुंडाळत – जिथे कुणी कधी सर्फिंग केलं नाही अशा लाटा शोधायला. "म्हातारीने एकोणीस लाटा दाखवल्या मला," तो तिच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला. इतक्या मायेने, की मला उगीचच राग आला. बाबांनी त्याचं नाव ठेवलं लाटवाला.

तो गेला आणि माझी मोगरी हरवली. "वेंधळी!" बाबा म्हणाले, आणि नवी आणली. आमची हत्यारं तेव्हापासून लाल रंगाची, हरवली तर चटकन दिसावीत म्हणून.

पुढच्या वर्षी तो पुन्हा हजर. डाव्या अंगाची तिसरी फळी तडकलेली. कामाच्या वहीत, कारणाच्या रकान्यात मी लिहिलं – खडक. त्यापुढच्या वर्षी तीच फळी. मग पुन्हा तीच...

पाचव्या खेपेला मी मागची पानं चाळली आणि वही मिटून फळीसमोर वाकले. खडक लागतो पाण्याखाली. ही फळी पाण्याच्या वर वीतभर. शिवाय चिरेत हिरव्या रंगाचे कण! म्हणजे हा दरवर्षी कुठल्यातरी हिरव्या धक्क्याला बोट लावतो, आणि अशा घाईत की आपटतो. एवढी घाई माणसाला कुणाकडे जायची असते, हे कळायला वही लागत नाही.

ती धक्क्यावर उभी असणार. केस मोकळे. बिनभुशाचे.

"किती लाटा झाल्या?" मी विचारलं.

"सत्तावीस."

"आणि धक्के?"

"म्हणजे?"

"काही नाही. हिरवा रंग खुलतो का हो तिला?"

"कुणाला?"

"म्हातारीला!" मी रंधा असा ओढला की बाबा आतून ओरडले, "अगं, फळी तासतेस की गिऱ्हाईक?"

"यंदा वरून तांब्याचा पत्राच ठोकते," मी म्हटलं. "दहा वर्षं इकडे फिरकायला नको."

त्याचा चेहरा उतरला. "पत्रा... नको."

"ठोकणार."

"नको म्हणतो ना!"

"का? आपटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती दार उघडत नाही वाटतं?"

उत्तराची वाट न बघता मी खिळे शोधायला बोटीत उतरले. सर्फबोर्डांमागची पेटी उघडली. आत टॉवेलात गुंडाळलेली मोगरी. माझी. हिरवी! एका बाजूचा रंग पार उडालेला.

मत्सर आंधळा असतो म्हणतात. माझा रंगांधळाही निघाला.

मी ती घेऊन वर आले. त्याने मान खाली घातली. "भुशाचा वास होता तिला... म्हणून नेली. परत द्यायला एकदा आलो असतो, पण त्याच्या पुढच्या वर्षी काय सांगून?"

"म्हणून बोट फोडायची?"

"बंदरात शिरायच्या आधी. एकच घाव – म्हातारीची माफी मागून."

"अहो, नुसतं यायचं ना!"

"तू विचारलं असतंस, काम काय?"

विचारलं असतं. मी तशीच आहे.

पत्रा मी ठोकलाच, त्याच मोगरीने. बाबा वही घेऊन आले. "कारण काय लिहू?"

मी जुने तिन्ही 'खडक' खोडले. "लिहा, घरचंच माणूस."

बाबांनी चष्म्यावरून आधी फळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि लिहिलं.

अठ्ठाविसावी लाट शोधायला आम्ही तिघं जाणार आहोत. म्हातारीला एकटीला त्याच्याबरोबर सोडायची माझी तयारी नाही.