रांजणावरचा हात

पाऊस आडवा आला म्हणून सर्वेश त्या शेडखाली थांबला. पालीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच होती ती. आत एक मुलगी परातीसमोर बसून काहीतरी कुस्करत होती. तिचे हात कोपरापर्यंत काळेजांभळे दिसत होते.

"भाजलं काय हो?" त्याने विचारलं.

वैदेहीने वर पाहिलं. हत्यारांची पिशवी, कपाळाला चिकटलेले केस, आणि खरोखरची काळजी.

"रानद्राक्षं आहेत. बघायचंय खाऊन?"

त्याने एक तोंडात टाकलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. तो खाकरला, पुन्हा खाकरला.

"घसा खाजतो," ती हसू दाबत म्हणाली. "म्हणून तर हाताला तेल लावून बसलेय."

"हे आधी सांगतात."

"आधी सांगितलं असतं तर खाल्लं असतंत?"

तो अजून खाकरतच होता. तो भिंतीजवळच्या कूलिंग मशीनपाशी गेला आणि त्याने पत्र्यावर तळहात टेकवला.

"तुमचा कॉम्प्रेसर फार दिवस काढणार नाय."

"आवाजावरून सांगताय?"

"डावा कान बोटीच्या इंजिनाने खाल्ला. मी हाताने ऐकतो."

तो किनाऱ्यावरच्या मांडवीचा. घरची बोट होती, आणि तो स्वतः बोटींची इंजिनं आणि बर्फ कारखान्यांची मशिनं दुरुस्त करायचा. वैदेहीच्या वडिलांनी, चिंतामणींनी, त्याच दिवशी त्याला काम दिलं. मशीन जुनं होतं; एक दुरुस्ती झाली की दुसरी निघायची. निघाली नाही तर वैदेहीला ती सापडायची.

"आज काय झालं?" तो दारातूनच विचारायचा.

"घरघरतंय."

"मशीन का तू?"

"अहोवरून थेट अरेतुरेवर?"

"बरं… मशीन की आपण?"

रानद्राक्षाचे वेल सड्यावर, वरच्या कातळपठारावर, पूर्वी पुष्कळ होते. आंबा-काजूच्या लागवडीत ते तोडले गेले. चिंतामणींनी उरलेल्या वेलांची मुळं शोधून आणली, मांडव घातले आणि आजोबांच्या पद्धतीने वाइन करायला घेतली. रस, गूळ आणि आंबवणासाठी धायटीची फुलं रांजणात भरायची, हवा शिरू नये म्हणून तोंडावर कापड आणि माती थापायची आणि रांजण गळ्यापर्यंत भाताच्या तुसात पुरायचा. आतली खळबळ थांबेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आजोबांचा आणखी एक नियम होता: रांजणांच्या खोलीत मासळी खाणारं माणूस नको. नियमाचं कारण कुणी विचारलं नव्हतं.

वैदेहीने तो नियम एका दुपारी मोडला. बाबा रत्नागिरीला गेले होते.

"हे बोलतं," ती रांजण दाखवत म्हणाली. "भात शिजताना होतो ना, तसा आवाज. ऐक."

त्याने उजवा कान टेकवला, मग तळहात. तुसाने सगळं गिळलं होतं.

"नाय गो… काहीच कळत नाय."

त्याचा चेहरा इतका पडला की तिने पुढचा विचार केलाच नाही. तोंडावरच्या मातीची कड तिने नखाने उकलली आणि कापड बोटभर वर केलं. आंबूस-गोड वाफ वर आली. दोघं एकदम वाकले. त्याचा कान तिच्या गालाजवळ होता, आणि आत बारीक बुडबुडे फुटत होते.

"ऐकू आलं?"

"आलं… पण ते रांजणाचं नसावं बहुतेक."

ती लाजून उठली आणि घाईने ओली माती थापून मोकळी झाली.

काही दिवसांनी त्या मातीला तडा गेलेला तिने पाहिला. बाबांना सांगायचं तर कड कुणी उकलली, कशासाठी, सगळंच सांगावं लागणार होतं. तिने गळ्याभोवती मूठभर तूस ओढलं. तडा झाकला गेला.

दिवाळीनंतर तो रांजण उघडला, तेव्हा पुण्याचे हॉटेलवाले पाहुणे आले होते. वाइन त्यांना पटली असती तर त्यांच्या टेबलांवर ती जाणार होती. सर्वेश खोलीच्या उंबऱ्याबाहेर, शेडमध्ये मशीनला पाना लावत होता. गडी केरूने माती फोडली आणि खोलीभर शिरक्याचा आंबट वास पसरला.

पाहुण्यांनी ग्लास खाली ठेवले. चिंतामणी तुसाकडे बघत राहिले, मग दाराबाहेर सर्वेशकडे.

"तू इथे आत आला होतास ना मागे? केरूने पाहिलं होतं. मासळीचे हात लागल्यावर दुसरं काय होणार?"

सर्वेशने पाना खाली ठेवला. तो चिंतामणींकडे बघत नव्हता. वैदेहीकडे बघत होता.

एक वाक्य पुरलं असतं. वैदेहीने आपल्या पायाच्या बोटांकडे पाहिलं. नखांमध्ये तूस अडकलं होतं.

त्याने हत्यारं एकेक करून पिशवीत भरली, फडक्याला हात पुसले आणि तो निघून गेला.

त्यानंतर तिला साध्या गोष्टी जमेनात. हातांवरचा जांभळा रंग केव्हाच गेला होता, तरी ती साबणाने हात घासत राही. मशीन नीट चालत होतं. त्याने जाण्याआधी शेवटचा स्क्रूही बसवला होता. त्या न घरघरणाऱ्या मशीनपाशी तिला उभं राहवेना.

एके दुपारी ताटावर बसल्यावर आई म्हणाली, "बरा होता हो तो मुलगा. असं कसं केलंन?"

"त्याने नाही केलं," वैदेही म्हणाली. "कड मी उकलली होती, त्याला आवाज ऐकवायला. तडा पण मी बघितला होता. झाकून ठेवला."

चिंतामणींचा घास हातातच राहिला.

"हे त्या दिवशी बोलायचं. सगळे होते तेव्हा."

"हो."

"आणि मी जे बोललो, ते…"

ताकभात तसाच ठेवून ते हात धुवायला उठले, आणि मोरीत बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी ती मांडवीला गेली. किनाऱ्यावर सर्वेशची आई, कमळा, सुकत घातलेली मासळी उलटत होती. तिने वैदेहीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच काय गो ती द्राक्षांची?"

वैदेहीने मान हलवली.

"माझ्या झिलाचं जेवणच तोडलंस. बोल त्याच्याशी. त्या बोटीत आहे."

ओढून ठेवलेल्या बोटीच्या इंजिनातून सर्वेशने डोकं वर काढलं. आजूबाजूला जाळी विणणारी माणसं होती.

"बाबांनी पाठवलं?"

"नाही. बाबांना सांगितलं मी सगळं. ते तुला जे बोलले ते चूक होतं, पण…"

"त्यांचं लागलं, पण ते मला ओळखत नाय," तो म्हणाला. "तू ओळखतेस."

मग ती मोठ्याने बोलली, जाळीवाल्यांनी माना वर करण्याइतक्या मोठ्याने. "रांजण माझ्यामुळे नासला. याचा काही दोष नव्हता. याला सगळ्यांसमोर बोलले आणि मी खाली बघत उभी राहिले. मला… लाज वाटते."

जाळी थांबली. कमळाने मासळीवरचा हात काढला नाही, पण ती ऐकत होती.

सर्वेश हात पुसत खाली उतरला. "एवढ्या जोरात कशाला? माझा एकच कान गेलाय."

"अजून एक सांगायचंय."

"ते हळू सांग." त्याने उजवा कान तिच्याकडे केला. "ह्यात."

तिने सांगितलं. कमळाने मुद्दाम पाठ फिरवली.

दुसरा रांजण उघडायची वेळ आली तेव्हा चिंतामणींनी सर्वेशला स्वतः फोन केला. मशीनचं काही कारण सांगितलं नाही. तो आला आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबला. केरू होता, आई होती. पाहुणे पुन्हा आले नव्हते.

चिंतामणी खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी रांजणाभोवतीचं तूस बाजूला सारलं. ओंजळ, अजून एक ओंजळ… रांजणाचं पोट उघडं पडेपर्यंत. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकवला, पण मान वर केली नाही.

"आत ये," ते म्हणाले. "हात लावून बघ. तयार झालं का सांग."

सर्वेश आत आला. त्याने तळहात रांजणाला लावला आणि डोळे मिटले. वैदेहीला त्याच्याकडे बघवत नव्हतं. या वेळी तिने तरीही पाहिलं.

"शांत आहे," तो म्हणाला. "काढा माती."