निळी फुली

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. फेब्रुवारीत, उत्तरेकडच्या औलू शहरातल्या इस्पितळात. आणि रात्री नाही... भर दुपारी अडीच वाजता!

माझी लेम्पी मावशी तिथे लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तोंडाने फटकळ, पण हाताला गुण.

पाच वर्षांच्या आतोसच्या उजव्या मांडीतून नळी घालून हृदयाचं काम झालं होतं. मावशीने त्याच पायाच्या पावलावर नाडी शोधून, पुन्हा तपासताना जागा चटकन सापडावी म्हणून तिथे काळ्या पेनाने फुली मारली.

"पाऊल उघडंच राहू दे," त्याच्या आईला, रीनाला, बजावून ती शेजारच्या खाटेकडे वळली.

दहा मिनिटांनी परत येते तर... आजीने विणलेला लोकरी मोजा जमिनीवर.

"घातलास ना शेवटी?"

"गार लागला हो पाय, म्हणून! दोनदा घातला. दोन्ही वेळा... आपोआप निघाला. पोर तर गाढ झोपलंय!"

गार?

मावशी वाकली. काळ्या फुलीशेजारी... दुसरी फुली. निळी. अजून ओली.

अशी फुली एकच बाई मारायची. इर्या, याच वॉर्डातली जुनी नर्स. ओली केली की निळी उमटणाऱ्या पेन्सिलचं टोक जिभेला लावून. तिनेच मावशीला शिकवलं होतं... आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मावशीने फुलीवर बोट ठेवलं.

नाडी... नव्हतीच.

तिने फोन उचलला. "डॉक्टर हार्युला, लगेच या. पाय जातोय पोराचा!"

"यंत्र तर उत्तम दाखवतंय, लेम्पी. कॉफी संपवून येतो."

"यंत्र हाताच्या बोटाला लावलंय, पायाला नाही! आत्ता या, नाहीतर कपासकट उचलून आणीन!"

ते धावत आले. रक्तवाहिनीत गुठळी होती. औषध सुरू झालं. संध्याकाळी पाऊल गुलाबी झालं, आणि रीना मावशीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

मावशीने नोंद लिहिली : 'निळी फुली माझी नाही. इर्याची.'

"खोड ते. लोक हसतील," मुख्य नर्स म्हणाली.

"हसू देत. जिचं काम, तिचं नाव. नाही खोडणार!"

नाही म्हणजे नाहीच खोडलं.

आता मावशी निवृत्त आहे. बाहेर उणे तीस असलं तरी झोपताना तिचा उजवा पाय पांघरुणाबाहेर असतो.

"का गं मावशी?"

"इर्याला बघता यावा म्हणून."

हे सांगताना ती हसत नाही. आणि मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे राहिले होते, तेव्हा सकाळी तिच्या त्या पावलावर निळं काहीतरी...

मी विचारलं नाही. तिनेही ते पुसून टाकलं नाही.