हेझलबेक घराण्याचा डावा हात

अक्षयाने मला हे काम दिलं ते मी रिकामी बसू नये म्हणून. लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये आयुष्यभर एक्स-रे वाचून मी नुकतीच रिटायर झाले होते.

"आई, समरचा पहिला बर्थडे येतोय," ती म्हणाली. "त्याला दोन्हीकडची फॅमिली ट्री करून दे ना. आपलं सांगलीचं तुला पाठच आहे. टोबीचा बाजू कोणालाच माहीत नाही."

माझी लेक इथेच जन्मली. तिच्या मराठीत बाजू, चूक, गोष्ट हे सगळे पुरुष असतात.

टोबी हेझलबेक माझा जावई. आडनाव अस्सल यॉर्कशरचं वाटतं, पण ते मुळात हासेलबाख होतं, हे मला लवकरच कळलं. तीनशे वर्षांपूर्वी ऱ्हाइनकाठचे हजारो गरीब शेतकरी लंडनला येऊन उतरले, त्यांतला एक योहान हासेलबाख पुढे यॉर्कशरला आला. जर्मनमध्ये बाख म्हणजे ओढा आणि यॉर्कशरमध्ये ओढ्याला बेक म्हणतात. गावकऱ्यांनी नाव आपल्या जिभेवर वळवून घेतलं. मला मजा वाटली. पेशंटची केस उलगडत जावी तसं ते एकेक उलगडत गेलं.

मार्चमध्ये मी योहानचं शेत बघायला गेले. यॉर्कशरमधल्या वोल्ड्स नावाच्या टेकड्यांत माती खडूसारखी पांढरी असते. पाऊस झाला की बुटांना पिठाचा लगदा चिकटल्यासारखी चिकटते. टोबीचे वडील राल्फ तिथे एकटेच राहतात. त्यांनी चहा केला, खिडकीतून शेताच्या कडेची दगडी भिंत दाखवली.

"हे दगड त्यानं आणि त्याच्या लहानग्या पोरांनी वेचले. सगळी टेकडी साफ केली."

"एवढ्याशा मुलांनी?"

"त्याची मुलं ऐकायची," राल्फ म्हणाले. "म्हाताऱ्याला कधी आवाज चढवावा लागला नाही, असं सांगतात. मूल चालायला लागायच्या आधीच शिकवायचं, हे त्याचं म्हणणं."

ते कपाटातून साखर काढायला वळले तेव्हा त्यांची बाही वर सरकली. डावा हात मनगट आणि कोपराच्या मधोमध किंचित वाकडा होता. माझी नजर अशा ठिकाणी आपोआप जाते.

"हे कशानं झालं?"

"लहानपणी." त्यांनी बाही खाली ओढली.

चुलीपाशी त्यांचा कुत्रा झोपला होता. तो उठला, मान खाली घालून कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. बाहेर कावळ्यांची कलकल चालली होती, ती कधी थांबली ते मला कळलं नाही. ओल्या चामड्याचा वास आला आणि गेला.

"डॉक्टर," राल्फ म्हणाले, "पोराला झाड द्यायचंय ना? नावं द्या. बाकीचं राहू द्या."

मी राहू दिलं नाही. गावच्या चर्चच्या भिंतीत पाणी मुरत होतं म्हणून मागे तिथे चर खणला होता, आणि त्यात हेझलबेकांची काही थडगी उघडावी लागली होती. हाडं पुन्हा पुरण्याआधी एका युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्यांचे एक्स-रे काढून ठेवले होते. मी रेडिऑलॉजिस्ट आहे म्हटल्यावर त्यांनी खुशीने दाखवले.

स्क्रीनवर तीन मुलं होती. वेगवेगळ्या पिढ्यांतली, सगळी तान्ही म्हणावीत इतकी लहान. तिघांचाही डावा हात त्याच जागी मोडून जुळलेला.

चालता न येणाऱ्या मुलाचं हाड असं पडून मोडत नाही. कोणाला तरी एका मुठीत कोपर, दुसऱ्या मुठीत मनगट धरावं लागतं. नोकरीत मी असे फोटो पाहिले होते आणि कोर्टात उभं राहून त्यांचा अर्थही सांगितला होता. मारकुटं घराणं, मी मनात म्हटलं. बापाची सवय मुलाने उचलली, त्याची त्याच्या मुलाने.

एकच गोष्ट बसत नव्हती. इतक्या कोवळ्या वयात मोडलेलं हाड मूल वाढताना सरळ होतं, पुढे खूणही राहत नाही. राल्फचं सरळ झालं नव्हतं.

एप्रिल संपता संपता अक्षयाचा फोन आला. समरचा हात सुजला होता. डावा.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा टोबी खुर्चीत ओणवा बसला होता. अक्षया अंघोळीला गेली होती आणि समर त्याच्यापाशी होता, एवढंच घडलं होतं.

"मी त्याच्याकडेच बघत होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तो नुसता गालिच्यावर बसला होता. मी बघत होतो."

एक्स-रे मी तरुण डॉक्टरच्या खांद्यावरून पाहिला. वाचायची गरजच नव्हती. तो फोटो मी आधी तीनदा पाहिलेला होता.

चौकशीला आलेल्या डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. चर्चच्या थडग्यांतली मुलं, राल्फचा हात, टोबी खोलीत एकटा होता हे. कोर्टात बोलायचा माझा आवाज अजून शाबूत होता. त्या भराभर लिहून घेत होत्या. काचेपलीकडे टोबी उभा होता, पण मी तिकडे पाहिलं नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत समरने माझ्याकडे राहायचं ठरलं. अक्षयाने टोबीला सोडावं अशी माझी अपेक्षा होती, तिने सोडलं नाही. ती समरचे कपडे घेऊन आली आणि पिशवी दाराबाहेरच ठेवली.

"तू माझा मुलगा घेतलास," ती म्हणाली. या वेळी तिच्या वाक्यात एकही चूक नव्हती.

मे महिन्यात राल्फ आले. न कळवता, स्टेशनवरून चालत. मी समरला कडेवर घेऊन दार अर्धवट उघडलं.

"टोबीनं नाही केलं," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "माझ्या वेळी माझ्या आईला धरून नेलं. तिनंही नव्हतं केलं. ती परत आली नाही."

"मग कोणी केलं?"

त्यांनी समरच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"आता शहाण्यासारखा वागतो ना?" त्यांनी विचारलं.

मी दार लावून घेतलं.

पण समर खरंच शहाणा झाला होता. आधी तो माझा चष्मा ओढायचा, पडद्याला लोंबकळायचा, वाटी उलटी करायचा. आता जिथे बसवावं तिथे बसून राहायचा. कशालाच हात लावायचा नाही. तपासायला येणारी नर्स कौतुकाने म्हणाली की असं गुणी बाळ तिने पाहिलं नाही. ती गेल्यावर मी त्याच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवला, केळ्याचा तुकडा धरला. त्याने हात मांडीखाली घेतले. भरवताना चमचा पुढे केला की तो आधी माझ्या बाजूला कुठेतरी बघायचा आणि मग तोंड उघडायचा.

मुलं घाबरली की अशी वागतात, हे मला माहीत होतं. मी तसं लिहूनही दिलं असतं.

प्लास्टर निघालं. जूनची दुपार होती. स्वयंपाकघरात भरपूर ऊन आलं होतं, वॉशिंग मशीन चालू होतं. समर उंच खुर्चीत होता आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून वरणभात भरवत होते. भाताचा एक घास त्याच्या पुढ्यातल्या फळीवर पडला.

समरने त्याच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्याचा हात बाहेर आला. डावा हात, बोटं पसरलेली, घासाच्या दिशेने.

"घे," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता. "घे ना राजा, तुझाच आहे."

हात मध्येच थांबला.

बाहीवर चुण्या पडल्या. कोपरापाशी, मग मनगटापाशी.

मग हात वाकला. जिथे सांधा नाही तिथे, सावकाश. ओली काडी मोडावी तेवढाच आवाज झाला.

माझ्या एका हातात वाटी होती, दुसऱ्यात चमचा.

समर रडला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याने मान वर करून पाहिलं, माझ्या डोक्याच्या बरंच वर, आणि कोणी काही सांगत असल्यासारखा ऐकत राहिला.

मग त्याने हळूच उजवा हातही त्या दिशेने पुढे केला.