केबिनची कडी

तेव्हा मी नांदेडला राहायचो आणि मराठवाड्यातल्या टॉकिजांमध्ये डिजिटल मशीन बसवत फिरायचो. फिल्मच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायचे दिवस संपत आले होते. गच्चीवर छत्री लावली की सिनेमा थेट आकाशातून उतरायचा. मुंबईत लागला, त्याच शुक्रवारी लातुरात.

लातूरच्या अनंतरावांच्या टॉकीजचं काम असंच निघालं. आजूबाजूला सगळे क्लासेस. पोरं दुपारी सुटली की सरळ तिकीट काढायची. अनंतराव खुशीत होते.

"आता रीळ तुटायची भानगड नाही, ऑपरेटरची मिजास नाही. बटन दाबलं की झालं!"

नव्या मशीनवरच्या पहिल्या खेळाआधी मी केबिनमध्ये वायरी बांधत होतो. झाडलोट करणारी सरजाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"या की आत, मावशी."

"न्हाई बाबा. आत आमचे हे हायत."

मला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट असेल. मग तिनं हळू आवाजात सांगितलं. तिचा नवरा लिंबाजी इथला ऑपरेटर. भूकंपाच्या साली किल्लारीकडची गावं पडली, त्यानंतरही कितीतरी दिवस धक्के येत होते. धक्का जाणवला की लिंबाजी मशीन सोडून लेकरांकडं पळायचा. खेळ बंद पडायचा. वैतागून अनंतरावांनी एका दुपारी केबिनला बाहेरून कडी घातली. नेमका त्याच खेळात जोराचा धक्का बसला. लोक पळाले, अनंतरावही पळाले, आणि केबिनचं छत खाली आलं.

"मालकानं गावभर सांगितलं, दारू पिऊन पडला होता, आतून कडी लावून." तिचा आवाज अजिबात कापला नाही. "थेंब घेत नव्हते हो ते... मी भायेर उभी होते. त्येंचा आवाज येत होता. मला आत जाऊ देईनात. मालकाचे पाय धरले, वर चला म्हणलं. न्हाई आले."

"मग इथंच कशाला राहिलात, मावशी?"

"वाट बघून राहिले."

खेळ सुरू झाला. चित्र लख्ख होतं, पोरं खूश होती. आणि मध्येच सिनेमा गेला. पडद्यावर नुसतं एक जुनं लाकडी दार आलं. दोन हात ते बडवत होते. स्पीकरमधून घोगरा आवाज आला...

"मालक... कडी काढा..."

खाली शिट्ट्या सुरू झाल्या. मी बटनं दाबत होतो, पण मशीन काही ऐकत नव्हतं. एवढ्यात अनंतराव धापा टाकत वर आले. चेहरा पांढराफटक पडलेला.

"बंद कर ते! जा, मेन स्विच पाड!" त्यांनी मला ढकलूनच बाहेर काढलं आणि स्वतः मशीनच्या वायरी उपटायला लागले.

मेन स्विच जिन्याखाली, हॉलच्या दारालगत होता. मी तो पाडला. दिवे गेले, पंखे थांबले. सगळ्या थिएटरात जुन्या मशीनच्या दिव्यात जळायच्या त्या कार्बनच्या कांड्यांचा उग्र वास पसरला. मी वळून पाहिलं, तर पडदा तसाच उजळ होता. आता त्यावर अनंतराव होते. तेच दार बडवत होते.

"उघडा... मीच घातली होती रे कडी... लिंबाजी, उघड..."

पोरांना वाटलं सिनेमाच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सरजाबाई बाजूच्या दाराशी उभी होती. मी तिचा हात धरला. "मावशी, चला वर! लिंबाजी तुमचं ऐकतील..."

तिनं हात सोडवून घेतला. "मी बी असंच म्हणले होते," ती म्हणाली. "चला वर."

मी एकटाच धावत गेलो. केबिनचं दार सताड उघडं होतं. आत अनंतराव उभे राहून त्या उघड्या दारात, मोकळ्या हवेवर मुठी आपटत होते. बोटं फुटून रक्त गळत होतं. मी हात घालून त्यांना ओढलं. माझा हात आत सहज गेला, पण ते काही केल्या बाहेर येईनात. माझ्या डोळ्यांदेखत ते हळूहळू खाली बसले, आणि पडद्यावरचा उजेड विझला.

दवाखान्यात सांगितलं, हृदय बंद पडलं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, माणूस ढिगाऱ्याखाली सापडला होता का म्हणून. केसांत, नाकात, पार घशापर्यंत चुना आणि विटांचा चुरा भरला होता.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन छत नीट पाहिलं. त्याला साधा तडासुद्धा गेलेला नव्हता.