वाक्य संपेपर्यंत

रिक्षावाल्याने पुन्हा विचारलं, "कुठे जायचंय?" आणि मी पुन्हा म्हणाले, "जोगेश्वरी."

मला योगीनगर म्हणायचं होतं. डोक्यात ते नाव लख्ख होतं, पाटीसकट दिसत होतं... पण जिभेवर येईपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी होत होतं. बोरीवली स्टेशनबाहेर पश्चिमेला शेअर रिक्षांची ही लांब रांग, डोक्यावर ऊन, मागचे लोक चुळबुळ करायला लागलेले. रिक्षावाला सांगत होता की जोगेश्वरीला जायचं तर ट्रेन पकडा ना मॅडम, इथे कशाला उभ्या राहिलात.

तेवढ्यात माझ्या मागून एक आवाज सुरू झाला, बसच्या कंडक्टरसारखा. "शिंपोली? चिकूवाडी? वजिरा नाका? योगीनगर?"

योगीनगरला मी इतक्या जोरात मान हलवली की केसांतली क्लिप निसटून पडली. त्यानेच ती उचलून दिली. निळा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, त्यावर नाव – सौरभ. रिक्षात माझ्याच शेजारी बसला आणि म्हणाला, "मौनव्रत आहे का?"

त्याला चांगलं झोंबेल असं काहीतरी मला बोलायचं होतं. तोंडातून आलं, "चमचा."

"कुणाचा?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

आणि मला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, स्वतःच्या चुकीवर.

मी श्रुतिका. मरोळच्या एका कंपनीत मी दिवसभर फोनवर चिडलेल्या ग्राहकांची समजूत काढायचे. माझ्यापुढे कुणी फार वेळ चिडलेलं राहत नसे. मग एका सकाळी चहा गाळताना उजवा हात लुळा पडला, आणि आईला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसताच आवाज निघाला. मेंदूत रक्ताची गुठळी. तिशीच्या आत स्ट्रोक कसा, असं जो तो विचारायचा, जणू मी तो मागवूनच घेतला होता. हात हळूहळू सुधारला. शब्द मात्र रुसले ते रुसलेच. समोरच्याचं सगळं कळायचं, आपलं काही सांगता यायचं नाही. माझ्या वतीने आई बोलायची – डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी, माझ्या मैत्रिणींच्या फोनवरसुद्धा. मी घरात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या मारायचे. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कुठे जावं कळायचं नाही. त्या दिवशी मी आईशी भांडून, म्हणजे दार आपटून, एकटीच निघाले होते. योगीनगरला वनमाला मॅडमकडे, स्पीच थेरपीला.

रिक्षात मी डोक्याला बोट लावलं आणि कसंबसं म्हटलं, "स्ट्रोक."

यावर बहुतेक लोक मोठ्याने बोलायला लागतात, मी बहिरी असल्यासारखे. तो आवाज न चढवता म्हणाला, "मग शब्द जातात कुठे?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. "इथेच... असतात," मी म्हटलं. "हात... पोचत नाही."

उतरताना त्याने नाव विचारलं. मी पटकन सांगून टाकलं, "शुक्रवार."

"झकास," तो म्हणाला, "मग शुक्रवारी भेटू."

शुक्रवारी तो रांगेत होता. त्याच्या पुढच्या खेपेलाही होता. लिंक रोडला एका बिल्डरच्या ऑफिसात तो लोकांना फ्लॅट दाखवायचा, म्हणजे बोलणं हाच त्याचा धंदा. गिऱ्हाइकाने 'हवा' म्हणायच्या आत हा 'पूर्व-पश्चिम, भरपूर' म्हणून मोकळा. माझ्याशीही तेच. मी "चा..." म्हटलं की चहा हजर, आणि मला म्हणायचं असायचं चालूया. एकदा नॅशनल पार्कच्या गेटपाशी मी एक वाक्य जुळवत होते, आणि त्याने ते सलग तीन वेळा चुकीचं पुरं केलं. मी त्याच्या दंडावर पर्स मारली आणि सरळ चालायला लागले. तो मागून धावत आला तेव्हा त्याच्या हातात चण्यांची पुडी होती. यापुढे मी बोलायला लागले की तो तोंडात चणे भरणार, म्हणजे मध्ये बोलताच येणार नाही, असं त्याने ठरवलं होतं. गाल फुगवून तो माझ्याकडे बघत बसायचा. त्याचे डोळे तपकिरी होते, आणि वाट बघताना ते इतके स्थिर व्हायचे की माझे उरलेसुरले शब्दही पळून जायचे.

"आता... बघू नकोस," मी एकदा म्हटलं.

त्याने चणे घाईघाईने गिळले. "का गं?"

"विसरते."

त्याचे कान लाल झाले. पहिल्यांदाच मी त्याला गप्प केलं होतं, आणि घरी येईपर्यंत मला ते पुरलं.

वनमाला मॅडम म्हणाल्या, हल्ली तुझी वाक्यं लांब व्हायला लागली आहेत, कुणाशी बोलतेस? मी सांगितलं नाही. पण जिवाला थारा नव्हता. मेसेज टाइप करायचे, अक्षरं उलटीसुलटी व्हायची, पुसायचे. आवाज रेकॉर्ड करायचे, ऐकायचे, तोही पुसायचे. तो मला आवडतो, हे नक्की होतं. त्याला मी आवडते की माझी दया येते... हे कळत नव्हतं, आणि एवढं मोठं वाक्य विचारायचं कसं, तेही कळत नव्हतं.

मग त्याने घरी नेलं. दहिसरला, नदीजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये. त्याचे वडील गुणाजीकाका गिरणीत होते. उमेदीची सगळी वर्षं मागांच्या खडखडाटात गेली, त्यामुळे कानांना आता फारसं ऐकू येत नव्हतं. आई सुगंधाकाकूंनी घावणे केले होते. आईवडील अजून मालवणीच बोलायचे. काकूंनी माझ्या आवडीनिवडी विचारल्या, मी हसून मान डोलावत राहिले. मग त्यांनी विचारलं, तू काम काय करतेस?

मी सुरुवात केली. "मी... आधी..." आणि शब्द अडकला. साधा शब्द, फोन. हात कानाकडे गेला, पण ओठ नुसतेच हलले. काकूंच्या कपाळावर हलकीशी आठी आली.

"तिचा घसा बसलाय, आई," सौरभ म्हणाला.

किती सहज म्हणाला. काकू लगेच उठल्या, आलं ठेचून मध घालून काढा करून आणला, आणि मायेने माझ्या हातात दिला. मी तो प्यायलेही. घशाला काहीही झालं नसताना शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग मला तिथे बसवेना. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आत तो माझ्याबद्दल बोलत होता. छान बोलत होता, भराभर, मोकळ्या फ्लॅटबद्दल बोलावं तसं.

मी परत आत गेले आणि काकूंच्या समोर बसले.

"घसा... ठीक आहे," मी म्हटलं. "मला... स्ट्रोक... झाला होता. कळतं... सगळं. बोलायला... वेळ लागतो. आधी... फोनवर... काम करायचे. परत... करणार."

एवढं सांगायला खूप वेळ लागला. मधे शेजारच्या घरातला कुकर वाजून शांत झाला. सौरभने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. काकूंनी पदर हातात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, भीती होती, पुन्हा असंच झालं तर याची. त्या हळूच म्हणाल्या, "ह्या परत होता काय गो?"

"माहीत... नाही," मी खरं ते सांगितलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून गुणाजीकाका माझ्या ओठांकडे बघत होते. ते म्हणाले, "ह्या घरात सगळे भराभर बोलतत. माका अर्धाच कळता, मी नुसती मान हलवतंय. हिचा मातर सगळा कळला."

काकूंनी माझ्या ताटलीत आणखी एक घावणा वाढला. तो होकार नव्हता, हे मला समजत होतं. पण मी तो खाल्ला, आणि निघाले.

सौरभ माझ्यामागे खाली आला. नदीवरच्या पुलापर्यंत आम्ही एकमेकांकडे न बघता चाललो. तिथे मी थांबले.

"का?" एवढंच विचारलं.

तो कठड्याला टेकला. रोज शंभर वाक्यं फेकणारा माणूस, त्याला एक सापडत नव्हतं. मी मदत केली नाही.

"लाज वाटली," तो शेवटी म्हणाला. "तुझी. एक क्षणभरच, पण वाटली. तू अडकलीस, आईच्या कपाळावर आठी पडली, आणि मला वाटलं, झाकून टाकूया. श्रुतिका, मला स्वतःचीच शिसारी आली आहे. तू आत येऊन बोललीस तेव्हा मला वाटलं, ही कुठे, मी कुठे."

दया असती तर त्याने असं सांगितलं नसतं. पण राग गेला नव्हता. आता कायमचं जायचं, असं मी ठरवलं. 'जाते' म्हणायचं आणि मागे वळून बघायचं नाही.

"येते," मी म्हणाले.

शब्दाने पुन्हा दगा दिला होता. की नव्हता? घरातून निघताना बायका म्हणतात तेच ते, येते. जाते कुणीच म्हणत नाही.

सौरभने माझ्याकडे पाहिलं. आधीचा सौरभ असता तर त्यातला आपल्या सोयीचा अर्थ काढून मोकळा झाला असता. "चुकून आलं," त्याने विचारलं, "की तेच म्हणायचं होतं?"

आणि तो थांबला. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, पुलावर धूळ उडाली, तरी त्याची नजर हलली नाही.

"राग... आहे," मी म्हटलं. "खूप. आणि... तू... आवडतोस. ते पण... खूप."

"दोन्ही चालेल," तो म्हणाला. "मला तर त्यातलं फक्त दुसरं आहे. पहिल्या दिवसापासून."

मी हात पुढे केला, उजवा, अजून थोडा थरथरणारा. त्याने तो धरला आणि आम्ही स्टेशनकडे चालायला लागलो. मला त्याला बरंच काही सांगायचं होतं. मी सांगत होते, अडत होते, पुन्हा सांगत होते, आणि तो ऐकत होता. दहिसर स्टेशन आलं तेव्हा माझं वाक्य अर्ध्यातच होतं, म्हणून आम्ही तसेच बोरीवलीपर्यंत चालत गेलो.